हंगामी

आमच्या गावात झार पडला
तो टपालकचेरीतल्या कारकुनाच्या खिशातून.
त्याने तारेची घडी उलगडली, वाचली, पुन्हा घातली
आणि माझ्या वडिलांना हळूच म्हणाला,
"एवलाम्पी अफानास्येविच,
उद्याच्या प्रार्थनेतून एक नाव कमी करा."

व्याटका नदी अजून गोठलेलीच होती.
बर्फावरून ओंडक्यांच्या घसरगाड्या जात होत्या.
मोठ्या उपासाचे दिवस,
घरभर मुळ्याचा आणि जवसाच्या तेलाचा वास.

वडील चर्चमध्ये डीकन.
एकतीस वर्षं, दर रविवारी
ते नाव त्यांनी पोटातून वर काढलं होतं,
विहिरीतून भरली बादली काढावी तसं,
थेंबही सांडू न देता.
जवळच्या मेणबत्त्या थरथरायच्या.
लहानपणी मला वाटायचं, झार म्हणजे
वडिलांच्या छातीत राहणारा कुणीतरी.

त्या रात्री पोथी मांडीवर घेऊन
त्यांनी चाकूच्या टोकाने नाव खरवडलं.
कागद विरत गेला,
पलीकडचा दिवा दिसू लागला.
आई म्हणाली, "जपून.
मागच्या बाजूला मेलेल्यांची प्रार्थना आहे."

म्हणतात, जिभेला हाड नसतं.
वडिलांच्या जिभेला होतं,
आणि ते त्या एका नावाभोवतीच वाढलं होतं.
सकाळी ते खरवडलेल्या जागेपाशी आले, थांबले,
आणि नाव बाहेर पडलं,
सगळ्या पदव्यांसकट, नेहमीच्याच उंचीवर.

कुणी हललं नाही.
मग आघाडीवरून परतलेला एक शिपाई,
उजवी बाही खिशात खोचलेला,
मोठ्याने हसला.
मेणबत्त्या विकणारी फेव्रोनिया रडू लागली,
का, ते तिला विचारूनही सांगता आलं नाही.
आणि आम्ही वर, गाणाऱ्यांच्या सज्जात,
सवयीने म्हणून टाकलं, "प्रभो, दया कर."
तीच चाल, तेच तीन सूर.
दया कुणावर, हे चालीत कधी नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात वरून कागद आला:
आता म्हणायचं, हंगामी सरकार दीर्घायू होवो.
वडिलांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला.
"हंगामी," ते म्हणाले. "आणि दीर्घायू."
बराच वेळ खिडकीतून ओटाच्या शेतांकडे बघत राहिले,
जिथे बर्फाखेरीज काही नव्हतं.
"हंगाम मला ठाऊक आहे, ग्लिकेरिया.
याच्यासाठी किती वर्षं मागू?"
तरी गायले. नुसत्या गळ्यातून.
मेणबत्त्या सरळ उभ्या होत्या.

भाऊ सावेली पेट्रोग्राडच्या कारखान्यात होता.
त्याचं पत्र चिखलाच्या दिवसांत पोचलं:
"भाकरीच्या रांगेतल्या बायका चालू लागल्या,
आम्ही त्यांच्या मागून.
आधी भाकरी मागत होतो. पुलापर्यंत पोचेतो
काय मागायचं उरलं होतं ते आठवेना.
मोजे पाठवा. लोकरीचे. राखाडी चालतील."
आईने एक जोड विणला. दुसरा अर्धा राहिला,
कारण पुढचं पत्र आलंच नाही.

पहिला बर्फ पडला तेव्हा हंगामीही गेलं होतं.
या खेपेला वरून कागद आला नाही.
वर म्हणजे कुठे, हेच कुणाला सांगता येईना.

त्या रविवारी वडील त्या जागी आले
आणि त्यांनी फक्त श्वास घेतला.
रिकामी बादली वर यावी, तसा लांब श्वास.
त्या श्वासात मला खालचं ऐकू आलं:
फेव्रोनिया एक नाव पुटपुटत होती,
सैन्याने नेलेल्या तिच्या घोड्याचं.
शिपाई डाव्या हाताने क्रूस काढत होता, चुकत होता,
पुन्हा पहिल्यापासून काढत होता.
आईचे नुसते ओठ हलत होते.

माझी पाळी होती, मी गायचं विसरले.
वडिलांनी मान वर करून सज्जाकडे पाहिलं.
त्यांचा श्वास अजून संपला नव्हता.